मत्स्यशेतीचा जमाखर्च

धानाच्या प्रदेशात तळे नाही असे गाव विरळाच. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळातील सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. धानाला पाण्याचा आधार मिळावा म्हणून ते बांधले गेले. तलावबांधणीच्या कामी कोहळी समाजाचे कौशल्य विशेष प्रसिद्ध होते. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट होऊन हे तलाव शासनाकडे आले. त्यांतील मासळीवर ढीवर, भोई व कहार या समाजांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह करीत आली आहेत. अलीकडील वर्षांत या जुन्या तलावांच्या जोडीला शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत खोदलेली तळी व शेततळीही आली आहेत.

या मासळीला बाजारपेठ जवळच आहे. कुही, उमरेड, मौदा या नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून निघालेला माल पहाटे शहरात पोहोचू शकतो आणि नंदनवनसारख्या पूर्व नागपुरातील दाट वस्त्यांत सकाळीच विकला जाऊ शकतो. असे असूनही नागपूरच्या बाजारात आंध्र प्रदेशातून बर्फात घालून आलेली रोहू व कटला ही मासळी मोठ्या प्रमाणावर विकली जाते. तळे घरचे आणि बाजार शेजारचा असताना मासा मात्र शेकडो किलोमीटरवरून यावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मत्स्यशेती फायद्याची आहे काय, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. त्याला सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. उत्तर ज्याच्या त्याच्या जमाखर्चात असते. तो जमाखर्च कसा मांडावा आणि नफा नेमका कोठे निर्माण होतो व कोठे नाहीसा होतो, हे येथे दाखविण्याचा उद्देश आहे.

एक हेक्टर तळ्याचा नमुना हिशेब

पुढील हिशेब समजुतीसाठी घेतला आहे. त्यातील दर गावागावांत व वर्षावर्षाला बदलतात. यास्तव प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा मांडावा.

एक हेक्टर पाणपसाऱ्याचे, जुलैपासून एप्रिलपर्यंत दहा महिने पाणी राहणारे तळे आहे असे समजू. त्यात कटला, रोहू व मृगळ यांची ४ : ३ : ३ या प्रमाणात एकूण ५,००० मोठी बोटुकली सोडली. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे एकाच तळ्यातील सर्व नैसर्गिक खाद्य उपयोगात येते. सोडलेल्या शंभरांपैकी सत्तर मासे जगले आणि काढणीच्या वेळी त्यांचे सरासरी वजन ८०० ग्रॅम भरले, तर ३,५०० मासे, म्हणजे २,८०० किलो उत्पादन मिळेल. तळ्याला शेणखत दिलेले असल्याने एक किलो मासळीमागे दीड किलो पूरक खाद्य, म्हणजे एकूण ४,२०० किलो खाद्य लागले असे धरू.

चालू खर्च असा :

बोटुकली ५,०००, प्रत्येकी ४ रुपये — २०,००० रुपये
ढेप व कोंडा ४,२०० किलो, किलोला ३० रुपये — १,२६,००० रुपये
चुना व शेणखत — १५,००० रुपये
तळ्याची साफसफाई व डागडुजी — २०,००० रुपये
राखण व मजुरी, दहा महिने — ५०,००० रुपये
जाळे ओढणे, बर्फ व वाहतूक — १५,००० रुपये
किरकोळ — १४,००० रुपये
एकूण — २,६०,००० रुपये

तळ्याच्या काठावर किलोला १२० रुपये भाव मिळाला, तर विक्रीचे ३,३६,००० रुपये होतात. खर्च वजा जाता ७६,००० रुपये उरतात. पुष्कळ शेतकरी येथेच वही मिटतात आणि हा आपला नफा झाला असे मानतात. वस्तुतः दोन रकमा अद्याप वजा व्हावयाच्या असतात.

पहिली रक्कम व्याजाची. चालू खर्चाचे २,६०,००० रुपये द. सा. द. शे. ९ दराने दहा महिन्यांसाठी उचलले, तर १९,५०० रुपये व्याज पडते. पैसे घरचे असले तरी व्याज धरलेच पाहिजे, कारण तो पैसा दुसरीकडेही कामी आला असता.

दुसरी रक्कम तळ्याच्या खोदाईची. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नवीन संवर्धन तळ्याचा खर्च हेक्टरी ७ लाख रुपये धरण्यात आला होता. सर्वसाधारण गटास त्याच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती. ४० टक्के अनुदान मिळालेल्या शेतकऱ्याचे स्वतःचे ४,२०,००० रुपये तळ्यात गुंतले. तळे पंधरा वर्षे चालेल असे धरल्यास वर्षाला २८,००० रुपये त्या खात्यावर टाकले पाहिजेत.

या दोन्ही रकमा वजा केल्यावर ७६,००० रुपयांचे २८,५०० रुपये राहतात. हा खरा नफा होय. अनुदान मुळीच मिळाले नसते, तर तो १०,००० रुपयांच्याही आत आला असता. कुटुंबातील माणसांनी स्वतः राखण केली, तर मजुरीचे ५०,००० रुपये घरातच राहतात व ती मोठीच प्राप्ती आहे. मात्र ती त्यांच्या श्रमाची मजुरी आहे, तळ्याचा नफा नव्हे. दोहोंची गल्लत केली म्हणजे धंदा वाढवावा की नाही याचा निर्णय चुकतो.

शंभरांतील चौसष्ट मासे

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहिला असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चालू खर्च, व्याज व खोदाईचा वार्षिक वाटा मिळून ३,०७,५०० रुपये होतात. १२० रुपये भावाने ही रक्कम भरून निघण्यास सुमारे २,५६२ किलो मासळी, म्हणजे सुमारे ३,२०० मासे विकावे लागतात. सोडलेल्या ५,००० बोटुकलींशी याचे प्रमाण शेकडा चौसष्ट पडते. याचाच अर्थ असा की, सोडलेल्या शंभरांपैकी पहिले चौसष्ट मासे खर्चाचे धनी आहेत. पासष्टाव्या माशापासून पुढचे तेवढे शेतकऱ्याचे. सत्तर जगले, तर त्याच्या वाट्यास सहा आले. साठच जगले, तर तळे मासळीने भरलेले दिसूनही शेतकरी तोट्यात गेला.

जगण्याच्या प्रमाणात शेकडा एकाने फरक पडला की ५० मासे, ४० किलो वजन व ४,८०० रुपये इकडचे तिकडे होतात. ढेपेच्या भावात किलोमागे एका रुपयाचा फरक पडला, तर ४,२०० रुपयांचाच फरक पडतो. ढेपेच्या भावावर शेतकऱ्याचा इलाज चालत नाही. बोटुकली जगविणे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. सबब मत्स्यशेतीत प्रथम लक्ष द्यावयाचे ते येथे.

स्वस्त बीज महाग पडते

माशाच्या पिलांच्या अवस्था निरनिराळ्या आहेत. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे. दोन-अडीच सेंटिमीटर वाढलेले ते मत्स्यबीज. पुढे अर्धबोटुकली आणि नंतर बोटुकली. १९५७ पूर्वी कटला, रोहू व मृगळ यांचे बीज मुख्यतः पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात नको असलेल्या माशांची पिलेही येत. त्या वर्षी १० जुलै रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर शुद्ध बीज हवे तेव्हा तयार करणे शक्य झाले. हाच दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

बीज जितके लहान, तितके ते स्वस्त. त्यामुळे बोटुकलीऐवजी लहान मत्स्यबीज थेट मोठ्या तळ्यात सोडण्याचा मोह होतो. वरील उदाहरणात ४ रुपयांच्या बोटुकलीऐवजी ४० पैशांचे मत्स्यबीज घेतले, तर १८,००० रुपये वाचतात. परंतु ही पिले इतकी लहान असतात की मरळ, वाघूर, बेडूक, पाणकिडे व पाणकावळे त्यांचा फडशा पाडतात. शंभरांपैकी तीसच वाचली असे धरू. दाटी कमी झाल्याने प्रत्येक मासा एक किलोचा झाला, तरी उत्पादन १,५०० किलोच होईल. विक्रीत १,५६,००० रुपयांची घट येईल ती १८,००० रुपये वाचविण्यापायी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, मोठ्या तळ्याशेजारी काही गुंठ्यांचे लहान संगोपन तळे ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात मत्स्यबीज सोडून दोन-तीन महिने वाढवावे आणि ते दहा सेंटिमीटरच्या आसपास झाल्यावर मोजून मोठ्या तळ्यात सोडावे. दुसरा उपाय कमी मुदतीच्या तळ्यांसाठी विशेष उपयुक्त आहे. बोटुकली वर्षभर लहान तळ्यात दाटीने व बेताच्या खाद्यावर ठेवली असता तिची वाढ खुंटलेली राहते. पुढील पावसाळ्यात ती मोकळ्या पाण्यात सोडताच झपाट्याने वाढते. ज्या गावतळ्यात सात-आठ महिनेच पाणी राहते, तेथे अशी जून बोटुकली सोडल्यास काढणीपर्यंत मासा विक्रीयोग्य होतो.

बीज सोडताना पुढील गोष्टींत हयगय करू नये. जुन्या तळ्यातील हिंस्र मासे आधी काढून टाकावेत. त्यासाठी पूर्व विदर्भात सहज मिळणारी मोहाची ढेप वापरता येते. एक मीटर खोलीस हेक्टरी २,५०० किलो ढेप लागते. तीन आठवड्यांनी तिचा विषारी अंश ओसरतो व पुढे तिचे खत होते. गुरे वा माणसे ज्या तळ्याचे पाणी पितात, तेथे ढेप न घालता वारंवार जाळे ओढून हिंस्र मासे काढावेत. बोटुकलीच्या पिशव्या प्रथम अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात व नंतर हळूहळू पाणी मिसळून पिले सोडावीत. त्यांपैकी शंभर बोटुकली कापडी हाप्यात दोन दिवस ठेवून किती मरतात ते पाहावे. प्रवासाने किती हानी झाली हे त्यावरून समजते आणि तूट वेळीच भरून काढता येते. सांडव्यावर बारीक जाळी बसविलेली नसेल, तर एका मोठ्या पावसात वर्षाचे भांडवल नाल्याला लागते.

खाद्य : सर्वांत मोठी खर्चाची बाब

चालू खर्चाच्या जवळजवळ निम्मा खर्च खाद्याचा आहे. म्हणून खाद्य अंदाजाने टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणेच होय. दर महिन्यास जाळे ओढून पन्नास-साठ मासे तोलावेत व सरासरी वजन काढावे. सरासरी वजन ३०० ग्रॅम असून तळ्यात ३,५०० मासे आहेत असे समजून एकूण वजनाच्या दीड टक्का खाद्य दिले, तर रोज पावणेसोळा किलो खाद्य पडते. प्रत्यक्षात २,५०० मासेच असतील, तर सव्वाअकरा किलो पुरे होते. उरलेले साडेचार किलो तळाशी कुजते. महिन्याला सुमारे ४,००० रुपये व्यर्थ जातात आणि कुजणाऱ्या खाद्याने पाण्यातील प्राणवायू घटतो, ही हानी निराळीच.

ढेप व कोंडा समभाग भिजवून, गोळे करून, टोपल्यांत ठेवून ठराविक जागी ठराविक वेळी द्यावेत. दोन तासांनी टोपली पाहावी. खाद्य शिल्लक असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडील थंडी कडाक्याची असते व पाणी गार होऊन मासे कमी खातात; त्या काळात खाद्य निम्म्यावर आणावे. आभाळ भरून आलेले असताना किंवा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत असतील, तर त्या दिवशी खाद्य व खत दोन्ही बंद ठेवून पंपाने पाणी खेळवावे.

पाणी किती दिवस, हे आधी पाहावे

नागपूरकडे वर्षाला सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तथापि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात केवळ बाष्पीभवनाने रोज सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे महिन्याला एक फूट पाणी कमी होते. जमिनीत मुरणारे पाणी वेगळेच. म्हणून तळे खोदण्यापूर्वी माती पाणी धरते काय आणि मार्चअखेर किमान चार-पाच फूट पाणी राहील काय, याची खात्री करावी. याचे उत्तर नकारार्थी असेल, तर अनुदान कितीही मिळाले तरी तळे फायद्याचे ठरणार नाही.

मालगुजारी तलावांचा हिशेब वेगळा आहे. तेथे खोदाईचा खर्च नाही, खाद्यही सहसा दिले जात नाही. त्यामुळे हेक्टरी उत्पादन कमी, पण खर्चही कमी. तेथील मुख्य प्रश्न पाण्याच्या वाटणीचा. धान निसवण्याच्या सुमारास पाऊस ओढ देतो, तलावाचे पाणी शेतात सोडले जाते आणि मासा वाढण्याच्या काळातच पाणी उतरते. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. मच्छीमार सहकारी संस्था व धान उत्पादक यांनी पावसाळ्यापूर्वीच एकत्र बसून तलावात किमान किती पाणी राखावयाचे ते ठरवून घ्यावे व बांधावर तशी खूण करावी. तलावातील गाळ निघाल्यास दोघांचाही लाभ होतो.

शेततळ्यास एक हेक्टरचा हिशेब तसाच्या तसा लागू करू नये. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद शेततळ्याचा पाणपसारा फार तर नऊ गुंठे असतो. त्यात ४५० बोटुकली सोडून वरच्याच प्रमाणात मासे जगले, तर सुमारे २५० किलो मासळी, म्हणजे ३०,००० रुपयांची विक्री होईल. त्यासाठी स्वतंत्र राखणदार परवडत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर असल्यास तळाची माती झाकली जाऊन नैसर्गिक खाद्य कमी तयार होते व विकतचे खाद्य अधिक लागते. ओलितासाठी साठविलेल्या पाण्यातून मिळणारी ही वरकड प्राप्ती आहे, अशा दृष्टीनेच तिच्याकडे पाहावे.

टाकीतील बायोफ्लॉक पद्धतीविषयी हल्ली पुष्कळ विचारणा होते. थोड्या जागेत अधिक मासे वाढतात हे खरे. परंतु हवा देणारे यंत्र अहोरात्र चालू ठेवावे लागते आणि वीज गेल्यास काही तासांतच सर्व मासे मरू शकतात. दुसरी वीजव्यवस्था व पुरेसे प्रशिक्षण नसताना कर्ज काढून या पद्धतीत पडू नये. ‘बीज आम्ही देऊ, मासे आम्हीच घेऊ’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे.

विक्रीची तजवीज

उन्हाळ्याच्या तोंडावर परिसरातील सर्व तळी एकदम आटू लागतात, सर्वांचा माल एकाच आठवड्यात बाजारात येतो आणि भाव पडतो. यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने काढणी. जानेवारीपासूनच मोठे झालेले मासे निवडून काढावेत. त्यामुळे भाव बरा मिळतो, उरलेल्या माशांना वाढीस जागा होते आणि कर्जाची काही फेड लवकर होऊन व्याज वाचते. मागणीचे दिवसही ध्यानात घ्यावेत. नवरात्रात व मार्गशीर्षातील गुरुवारी खप मंदावतो. रविवारी व होळीच्या सुमारास तो वाढतो.

परराज्यातून आलेल्या मालाशी मोठ्या प्रमाणातील उत्पादनात स्पर्धा करणे लहान शेतकऱ्यास अवघड आहे. ताजेपणात मात्र त्याला कोणी मागे टाकू शकत नाही. २,८०० किलोंपैकी पाव हिस्सा, म्हणजे ७०० किलो मासळी पहाटे काढून नंदनवनसारख्या वस्तीत स्वतः वा बचतगटामार्फत किलोला १६० रुपयांनी विकली, तर २८,००० रुपये अधिक मिळतात. गाडी, बर्फ व विक्रेत्याची मजुरी यांचे ८,००० रुपये गेले तरी २०,००० रुपये हाती राहतात. आधीच्या २८,५०० रुपयांच्या नफ्याशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे विक्रीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यशेतकऱ्यांनाही लागू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीज व विमा यांबाबत शेतीप्रमाणे सवलती मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम व दर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून समजून घ्यावेत. तांत्रिक मार्गदर्शनासाठी नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय जवळच आहे.

तथापि कर्ज व अनुदान ही साधने होत. ती नफा नव्हेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक तळेमालकास व संस्थेस एक साधी वही ठेवावयास लावावी. सोडलेल्या बोटुकलीची संख्या व आकार, रोजचे खाद्य, महिन्याचे सरासरी वजन, मेलेले मासे आणि विक्रीचे वजन व भाव, एवढ्या पाचच नोंदी तीत असाव्यात. वर्षाअखेरीस शंभरांपैकी किती मासे जगले व किती जगणे आवश्यक होते, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पहिला आकडा मोठा असेल, तर धंदा वाढविण्यास हरकत नाही. तो लहान असेल, तर आणखी एक तळे खोदण्यापूर्वी आहे त्याच तळ्यातील बोटुकली का मेली याचा शोध घ्यावा.